'फ्यू', 'अ फ्यू' आणि माझी सोमवारची मेल

क्वालिटीवाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. विषय शाळेतला आहे, पण झालेली फजिती ऑफिसातली आहे.

चाकणला एका लहानशा कारखान्यात क्वालिटी बघते. माल परदेशी जातो आणि तिकडच्या गिऱ्हाइकाला दर सोमवारी आठवड्याचा रिपोर्ट मेल करावा लागतो. गेल्या महिन्यात आम्ही खरंच घाम गाळला होता. पॅकिंग बदललं, मापं तपासायचे दोन गेज नवीन घेतले, रात्रपाळीला एक जादा तपासनीस लावला. मी रिपोर्टात झोकात लिहिलं, 'फ्यू इम्प्रूव्हमेंट्स हॅव बीन मेड. देअर आर लेस कम्प्लेंट्स धिस मंथ.' डोक्यातलं मराठी असं: काही सुधारणा केल्यात, तक्रारी कमी झाल्यात.

तासाभरात उत्तर आलं. तीन शब्द. 'व्हाय सो फ्यू?'

मला वाटलं, तक्रारी इतक्या कमी कशा झाल्या असं कौतुकानं विचारतोय. मी खुशीत चार ओळी लिहिल्या की आमची टीम मेहनती आहे, सगळ्यांनी मनावर घेतलं, वगैरे. तो विचारत होता की सुधारणा इतक्या कमी का. म्हणजे त्यानं सुधारणा कमी का म्हणून झापलं आणि मी 'मेहनती टीममुळे' असं उत्तर दिलं! शेवटी व्हिडिओ कॉल झाला, गेजचे फोटो दाखवले, तेव्हा निवळलं. कॉल संपताना तो हसून म्हणाला की तुमच्या वाक्यात एक 'अ' हवा होता. साहेब बाहेर येऊन म्हणाले, एका 'अ'साठी पाऊण तास गेला.

तर जाणकारांनो, फ्यू, अ फ्यू, लिटल, अ लिटल, मेनी, मच, लेस, फ्युअर हे एकदाचं नीट सांगा. मी सेमी इंग्लिशवाली नाही, अस्सल मराठी माध्यम. नियम पाठ आहेत. मेनी मोजता येणाऱ्याला, मच न मोजता येणाऱ्याला. पण काय मोजता येतं आणि काय नाही, हे इंग्रजीत ठरवतं कोण?

---

उकडीचा_मोदक

'मेहनती टीममुळे' 😂😂 सकाळी सकाळी चहा सांडला. ताई, धागा जमलाय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (पॉपकॉर्न मोजता येतात का?)

---

खडूफळा

एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आता घरी बसून नातवंडांच्या वह्या तपासते. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

क्वालिटीवाली, तुमची चूक मोजता येणं-न येण्याची नव्हतीच. इम्प्रूव्हमेंट्स मोजता येतात, फ्यू बरोबर जागी होतं. घोळ 'अ' नसण्याचा. आणि हा घोळ मराठी माणसाकडून हटकून होतो, कारण आपण फ्यू म्हणजे 'थोडे' असं पाठ केलेलं असतं. थोडे हा आपला बिचारा तटस्थ शब्द आहे. त्यात समाधानही नाही, कुरकुरही नाही. इंग्रजीतलं नुसतं फ्यू तटस्थ नाही. त्याच्या पोटात एक 'नाही' दडलेला आहे.

वर्गात मी फळ्यावर असं लिहायची:

फ्यू म्हणजे 'फारसे नाहीत'.
अ फ्यू म्हणजे 'काही आहेत'.
लिटल म्हणजे 'फारसं नाही'.
अ लिटल म्हणजे 'थोडंसं आहे'.

तो 'नाही' खराच आहे, मी कल्पनेनं घुसडलेला नाही. पुरावा हवा तर वाक्याला शेपटी लावून पाहा. इंग्रजीत होकारार्थी वाक्याला नकारार्थी शेपटी लागते आणि नकारार्थी वाक्याला होकारार्थी. 'अ फ्यू पीपल न्यू, डिडन्ट दे?' पण 'फ्यू पीपल न्यू, डिड दे?' दुसऱ्या वाक्यात कुठेही नॉट नाही, तरी शेपटी नकारार्थी वाक्याची लागली. म्हणजे इंग्रजी कानाला ते वाक्य नकारार्थीच ऐकू येतं. तुमच्या गिऱ्हाइकाच्या कानाला तसंच ऐकू आलं: 'सुधारणा फारशा झालेल्या नाहीत.' त्यानं का म्हणून विचारलं, यात त्याचं काय चुकलं?

मराठीत हे काम आपण 'च'कडून करून घेतो. 'थोडे लोक आले' आणि 'थोडेच लोक आले' यात जो फरक, साधारण तोच अ फ्यू आणि फ्यू यांत. गंमत अशी की आपण 'च' लावून निराशा आणतो आणि ते 'अ' काढून.

---

उकडीचा_मोदक

बाई, मग 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे 'अगदी थोडे' ना?

---

खडूफळा

नाही. बरेच! क्वाइट अ फ्यू म्हणजे चांगले पुष्कळ. आणि 'ओन्ली अ फ्यू' म्हटलं की पुन्हा थोडेच. 'नॉट अ फ्यू' म्हणजेही बरेच. हे तर्कानं सोडवायला गेलात तर डोकं धराल, ऐकून ऐकूनच बसतं.

---

उकडीचा_मोदक

राज्यावरचा सूर्य मावळत नव्हता, कारण कोण किती आलेत हेच कुणाला कळत नव्हतं.

---

अळणी

'लिटल'चा आमच्या घरातला किस्सा सांगतो. आजी दवाखान्यात होती. परदेशातल्या चुलतभावंडांना कळावं म्हणून काकांनी कुटुंबाच्या ग्रुपवर इंग्रजीत टाकलं, 'देअर इज लिटल इम्प्रूव्हमेंट टुडे.' काकांना म्हणायचं होतं, आज थोडी सुधारणा आहे. खरंच होती, आजीनं पेज मागून घेतली होती. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले, आणि चुलतबहीण विमानाचं तिकीट शोधायला लागली. तिनं फोन केला तेव्हा आजी शेजारच्या खाटेवरच्या बाईला लोणच्याचं प्रमाण सांगत होती.

आज खडूफळाबाईंचा प्रतिसाद वाचून उलगडा झाला. इतकी वर्षं आम्ही बहिणीलाच घाबरट म्हणत होतो.

---

कशाला_हवं

मला एक कळत नाही. आपण कुणी इंग्रज नाही. आपली इंग्रजी ही आपली इंग्रजी आहे. 'फर्निचर्स' म्हटलं तर समोरच्याला खुर्च्या-टेबलं कळतात ना? मग झालं. तेही कुठे मराठी बोलताना लिंग-वचन सांभाळतात? हा सगळा न्यूनगंडाचा मामला आहे.

---

क्वालिटीवाली

@कशाला_हवं, निम्मं पटलं. 'फर्निचर्स' लिहिलं असतं तर माझा कॉल झाला नसता. तो मनात हसला असता आणि पुढे गेला असता. पण 'फ्यू'नं अर्थच फिरला. आमच्याकडे दोष वर्गवारीनं लावतात, क्रिटिकल, मेजर, मायनर. तसंच इथे लावते. 'अ' गाळणं हा क्रिटिकल, माल परत येतो. फर्निचर्स मायनर, पॉलिशवरचा ओरखडा.

@खडूफळा बाई, फळ्यावरच्या चार ओळी डायरीत उतरवून घेतल्या. 'पोटात नाही दडलाय' हे आता विसरणं शक्य नाही. आता लेस आणि फ्युअरचं सांगा. तिथेही त्यानं मेलमध्ये माझं लेस खोडून फ्युअर केलं होतं.

---

टेम्सकाठी

लेस-फ्युअरबद्दल मी लिहितो, कारण इथे लंडनात हा भांडणाचा आवडता विषय आहे. नियम सोपा: मोजता येणारं कमी असेल तर फ्युअर, न मोजता येणारं कमी असेल तर लेस. फ्युअर कम्प्लेंट्स, लेस नॉइज.

पण सुपरमार्केटात घाईतल्या गिऱ्हाइकांच्या रांगेवर वर्षानुवर्षं पाटी असायची, 'टेन आयटम्स ऑर लेस'. आयटम्स मोजता येतात, मग लेस कसं, म्हणून व्याकरणप्रेमी खवळायचे. टेस्को या सुपरमार्केट साखळीनं २००८ मध्ये त्या पाट्या बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचं ठरवलं. लेसही नको आणि फ्युअरही नको. मला ही युक्ती फार आवडली. अडलं की तिसऱ्या दारानं निघावं.

आणि मोजता येणाऱ्याला लेस लावणं ही आजकालच्या पोरांची चूक आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना सांगा की नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या लिखाणात 'कमी शब्दांत' म्हणताना लेसच आहे. तेव्हाची रचना 'शब्दांपैकी कमी' अशी षष्ठीची होती, पण शब्द तोच. फ्युअरच हवं, असा विचार छापून आला १७७० मध्ये. रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थानं लिहिलं की संख्येबद्दल बोलताना फ्युअर बरं, 'शंभराहून कमी नाही' म्हणताना ते जास्त शोभून दिसतं. त्यानं ते स्वतःचं मत म्हणूनच मांडलं होतं. पुढच्या शिक्षकांनी त्याचा कायदा केला.

---

खडूफळा

टेम्सकाठी, शिक्षकांना टोमणा पोचला 🙂 कायदा केला खरा, पण परीक्षेत आणि ऑफिसच्या कागदात तो पाळावाच लागतो. बोलताना लेस पीपल म्हणणारे इंग्रज ढिगानं आहेत, त्यांचं पाहून आपण उत्तरपत्रिकेत लिहू नये.

मात्र एक भर घालते, कारण मुलं नियम शिकली की उलटी चूक करतात. अंतर, वेळ, पैसे, वजन यांना आकडा असला तरी लेस. 'लेस दॅन टेन किलोमीटर्स', 'लेस दॅन टू अवर्स', 'लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज'. रुपये मोजता येतात, मग फ्युअर का नाही? कारण तिथे एकेक नाणं नजरेसमोर नसतं, एकूण रक्कम असते. दोन तास म्हणजे एक तास आणि अजून एक तास असे दोन नग नव्हेत, तो एक सलग वेळ आहे. नग डोळ्यांपुढे असतील तर फ्युअर, रास डोळ्यांपुढे असेल तर लेस.

---

क्वालिटीवाली

नग आणि रास! बाई, हे तर आमच्या शॉपफ्लोअरच्या भाषेत झालं. थांबा, माझ्या रिपोर्टातले शब्द लावून बघते:

डिफेक्ट्स फ्युअर, पण स्क्रॅप लेस.
ब्रेकडाऊन्स फ्युअर, पण डाऊनटाइम लेस.
वर्कर्स फ्युअर, पण मॅनपॉवर लेस.
मशीन्स फ्युअर, पण मशिनरी लेस.

गोष्ट एकच असते आणि शब्द बदलला की विशेषण बदलतं. म्हणजे मशीन मोजता येतं की नाही हा प्रश्नच चुकीचा. तो शब्द इंग्रजीत मोजतात की नाही, हा प्रश्न. बरोबर?

---

दुभाषी

अगदी बरोबर, आणि तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. वस्तू ठरवत नाही, भाषा ठरवते. भाषांतराचं काम करतो, रोज याच्याशी झटापट असते, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आपलंच बघा. तांदूळ अनेकवचनी: तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, तांदूळ महागले. तोच शिजला की एकवचनी: भात झाला, भात करपला. कुकरच्या तीन शिट्ट्यांत नगाची रास झाली! इंग्रजीत मात्र निवडा, धुवा, शिजवा, राइस तो राइसच आणि कायम रास. गहू आपण अनेकवचनात दळून आणतो, इंग्रजीत व्हीट रास. पोहे भिजवले, पण रवा भाजला. पोह्यांचा एकेक दाणा डोळ्याला दिसतो म्हणावं, तर ज्वारीचाही दिसतो की. तरी ज्वारी एकवचनी. इंग्रजी लहरी आहे असं म्हणण्याआधी आपल्या डब्यांची झाकणं उघडून पाहावीत.

आता आपल्या चुका कुठे होतात ते पाहा. मराठीत नग, इंग्रजीत रास, अशा जागी. केस गळतात, म्हणून 'माय हेअर्स आर फॉलिंग'. इंग्रजीत डोक्यावरचं सगळं मिळून एक हेअर. आमटीत सापडला तर तो 'अ हेअर', तेव्हा मात्र मोजायचा. सल्ले दोन देता येतात, म्हणून 'टू अ‍ॅडव्हायसेस'. पुरावे गोळा केले, म्हणून 'एव्हिडन्सेस'. दागिने, म्हणून 'ज्वेलरीज'. बातम्या, म्हणून 'मेनी न्यूज'. कामं खूप आहेत, म्हणून 'आय हॅव मेनी वर्क्स'. किती पैसे, म्हणून 'हाऊ मेनी मनी'. यातली एकही चूक बेफिकिरीची नाही. प्रत्येकीच्या मागे एक शुद्ध मराठी वाक्य उभं आहे.

उलट जिथे दोन्ही भाषा एकच वागतात तिथे आपण चुकत नाही. 'मेनी वॉटर' म्हणणारा मराठी माणूस मला अजून भेटलेला नाही.

---

सहावीची_आई

वाचनखूण साठवली. पण दुभाषी, 'इन्फर्मेशन्स'चं काय? माहिती आपणही मोजत नाही, 'दोन माहित्या' कुणी म्हणत नाही. तरी आमच्या सोसायटीच्या नोटिशीत 'फॉर युवर काइंड इन्फर्मेशन्स' असतंच.

---

दुभाषी

पकडलंत. माझ्या सिद्धांताला भोक पडलं. तिथे मराठीची चूक नाही, मला वाटतं तिथे इंग्रजीचाच एस उगाच चिकटतो. जास्त भारदस्त वाटतं म्हणून. 'फीडबॅक्स', 'इक्विपमेंट्स', 'सॉफ्टवेअर्स' त्याच जातीचे.

---

उकडीचा_मोदक

'मेनी वर्क्स' चूक असेल तर पब्लिक वर्क्स डिपार्टमेंटचं काय? एवढं मोठं सरकारी खातं व्याकरणात नापास?

---

खडूफळा

पास आहे. वर्क म्हणजे 'काम' तेव्हा रास. पण पूल, धरणं, रस्ते अशी बांधकामं, चित्रकाराच्या कलाकृती, किंवा अख्खा कारखाना या अर्थानं वर्क्स चालतं. क्वालिटीवालींच्या कारखान्यात 'वर्क्स मॅनेजर' असेलच. तो अनेक कामांचा मॅनेजर नव्हे, कारखान्याचा.

असे दुहेरी शब्द बरेच आहेत. पेपर म्हणजे कागद तेव्हा रास, वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका तेव्हा नग. एक्सपिरिअन्स म्हणजे नोकरीतला अनुभव तेव्हा रास, आलेले बरेवाईट प्रसंग तेव्हा नग. बायोडेट्यात 'टेन इयर्स ऑफ एक्सपिरिअन्स' लिहावं, 'मेनी एक्सपिरिअन्सेस' लिहिलं तर मुलाखत घेणारा किस्से ऐकायला सरसावून बसेल. रूम म्हणजे खोली तेव्हा नग, जागा तेव्हा रास.

आणि हॉटेलात 'टू टीज' चालतं. आपण दोन कटिंग म्हणतो ना, तसंच. कप गृहीत धरला की चहाही मोजता येतो.

---

दुभाषी

याच्या उलटही होतं. नगाची रास करता येते. चिकन दारात फिरत असतं तेव्हा 'अ चिकन', ताटात आलं की नुसतं चिकन. भाषेचा विचार करणारे तत्त्वज्ञ याला एक काल्पनिक यंत्र लावून समजावतात, 'युनिव्हर्सल ग्राइंडर'. कुठलाही नग त्यात घाला, खालून रास बाहेर पडते. म्हणजे आपला मिक्सरच. म्हणून 'देअर इज चिकन ऑन द रोड' लिहिण्यापूर्वी विचार करावा. कोंबडी रस्ता ओलांडत नसून ट्रकखाली आलेली आहे असा अर्थ होतो.

रासेचा नग झाल्याची एक जुनी गोष्टही आहे. इंग्रजीत वाटाण्याला पूर्वी 'पीज' असा शब्द होता, तांदळाच्या राइससारखा, एकवचनीच. त्याच्या शेवटच्या आवाजामुळे लोकांना ते अनेकवचन वाटलं, आणि सतराव्या शतकात त्यांनी शेवटचा तुकडा काढून 'पी' हा नवा एकवचनी शब्द पाडला. म्हणजे आज आपण ज्याला चूक म्हणतो, तसल्याच एका चुकीतून एकेक वाटाणा सुटा झाला.

---

कशाला_हवं

म्हणजे मी तेच म्हणत होतो. 'फर्निचर्स'चेही दिवस येतील.

---

टेम्सकाठी

येतील हो. तोवर व्हिसाच्या अर्जात लिहू नका.

---

सहावीची_आई

लेकीच्या चाचणीतले दोन प्रश्न विचारते. (१) 'देअर आर टू ___ ऑन द टेबल' मध्ये तिनं 'चॉक्स' लिहिलं, चूक दिली. (२) 'आय हॅव मच मनी' हे वाक्य चूक की बरोबर, यावर तिनं बरोबर लिहिलं. मनी न मोजता येणारं, मच न मोजता येणाऱ्याला, मग बरोबरच ना? बाईंनी तिथे प्रश्नचिन्ह काढलंय, फुलीही नाही आणि टिकही नाही. लेक रडवेली झाली आहे.

---

खडूफळा

पहिलं: टू पीसेस ऑफ चॉक. खडू मराठीत नग, चॉक इंग्रजीत रास. कबुली देते, मी स्वतः पोरांना ऑफिसात पाठवताना 'ब्रिंग टू चॉक्स' म्हणत आले आणि तास सुरू झाला की पीसेस ऑफ चॉक शिकवत आले. साबणही तसाच. दोन साबण म्हणजे टू बार्स ऑफ सोप. आपण दुकानात 'दोन ब्रेड द्या' म्हणतो, ते टू लोव्हज ऑफ ब्रेड. रासेतून नग काढायचा तर इंग्रजीला असा एक डाव लागतो आणि पुढे ऑफ. आपल्याला ऑफची सवयच नाही, कारण 'एक कप चहा', 'दोन किलो साखर' यात मध्ये काहीच येत नाही. म्हणून 'वन कप टी' तोंडात बसतं.

तुमच्या लेकीला उगाच ऑफची धास्ती बसू नये म्हणून हेही सांगा: डझनला ऑफ नाही. 'टू डझन बनानाज'. 'टू डझन्स ऑफ' नव्हे. डझनावारी असं मोघम म्हणायचं तेव्हाच 'डझन्स ऑफ'.

दुसरं: ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. त्या बाईंना माझा नमस्कार कळवा. नियमानं वाक्य चूक नाही, पण असं कुणी बोलत नाही. साध्या होकारार्थी वाक्यात मच अवघडतं. प्रश्नात आणि नकारात ते खुलतं. 'हाऊ मच मनी?', 'आय डोन्ट हॅव मच मनी.' सो, टू ('फारच' या अर्थाचा, दोन नव्हे), अ‍ॅज यांच्या मागेही नीट बसतं. एरवी होकारात 'अ लॉट ऑफ' म्हणावं. ते नगालाही चालतं आणि रासेलाही, फक्त क्रियापद मागच्या नामाकडे बघून ठरवायचं: 'अ लॉट ऑफ वॉटर वॉज', 'अ लॉट ऑफ पीपल वेअर'. सम, एनी, ऑल, नो, इनफ हेही दोन्हीकडे चालणारे.

लेकीला रडू नको म्हणावं. तिनं नियम वापरून विचार केला होता.

---

अळणी

एक सोपी युक्ती सुचली. मराठीत 'अनेक' लावून बघायचं. अनेक माणसं चालतं, अनेक पाणी चालत नाही. अनेक चाललं तर मेनी, नाही तर मच. आणि 'जरासं' उलटं. जरासं मीठ चालतं, जराशी माणसं चालत नाही. म्हणजे आपल्याकडेही नग-रास भेद आहेच की!

---

दुभाषी

भेद आहेच, निरीक्षण सुरेख. पण युक्ती फसेल. अनेक केस, अनेक सल्ले, अनेक साबण, सगळं मराठीत चालतं. म्हणजे नेमकं जिथे आपण चुकतो तिथेच ही युक्ती चुकीचं उत्तर देणार.

याला शाळेचं व्याकरणही थोडं कारणीभूत आहे. मराठीत विशेषणाचे तीन प्रकार शिकवतात: गुण, संख्या, सार्वनामिक. 'थोडे, काही, सर्व' हे अनिश्चित संख्याविशेषणात टाकून मोकळे. हिंदीत परिमाणवाचक असा वेगळा कप्पा आहे, जुन्या शालेय इंग्रजी व्याकरणातही संख्या आणि परिमाण वेगळे. आपल्या मुलांना तो कप्पाच माहीत नसतो, मग मच ठेवायचं कुठे?

---

सहावीची_आई

लेकीला नग-रास सांगितलं. आता ती घरभर फिरून प्रत्येक वस्तूला नग की रास विचारतेय. कपड्यांवर अडली आहे. कपडे नग ना?

---

खडूफळा

तिला शाबासकी द्या, अवघड जागी अडली आहे. क्लोद्स कायम अनेकवचनी. 'मेनी क्लोद्स' चालतं, पण 'थ्री क्लोद्स' चालत नाही. आकडा लावायचा तर शर्ट, फ्रॉक असं नाव घ्यायचं. आणि क्लॉथ हा वेगळा शब्द, म्हणजे कापड. निम्मी पोरं 'आय वॉश्ड माय क्लॉथ्स' लिहितात, म्हणजे फडकी धुतली.

---

क्वालिटीवाली

मंडळी, उद्या सोमवार. रिपोर्टचा मसुदा टाकते, तपासा:

'अ फ्यू मोर इम्प्रूव्हमेंट्स हॅव बीन मेड. देअर आर फ्युअर कम्प्लेंट्स अँड लेस स्क्रॅप. द नंबर ऑफ रिजेक्शन्स इज लेस दॅन लास्ट मंथ. मोस्ट ऑफ द ऑपरेटर्स हॅव बीन ट्रेन्ड. वन ऑफ अवर सप्लायर्स हॅज चेंज्ड द पॅकिंग. वी थँक यू फॉर अ लॉट ऑफ युजफुल फीडबॅक्स.'

---

टेम्सकाठी

'द नंबर ऑफ'ला एकवचनी इज, बरोबर. 'अ नंबर ऑफ' असतं तर आर. फक्त तिथे लेस दॅनऐवजी 'लोअर दॅन' लिहा. संख्या स्वतः फ्युअर-लेस होत नाही, खाली-वर होते.

---

खडूफळा

'वन ऑफ अवर'च्या पुढे अनेकवचन आठवणीनं लिहिलंत, भले भले तिथे 'वन ऑफ माय फ्रेंड' लिहितात. 'मोस्ट ऑफ द' मधला 'द'ही जागेवर आहे. अगदी शेवटच्या शब्दातला शेवटचा एस तेवढा खोडा.

---

क्वालिटीवाली

अगं बाई. मेल शेड्यूल करून ठेवली होती, सकाळी नऊला आपोआप गेली. प्रतिसाद आत्ता वाचतेय.